झाडली की काठी

आमच्या घरात बंदूक ही मुसळ, पहार आणि घोंगडं यांच्यातलीच एक वस्तू होती. आज हे सांगितलं की माझी नात डोळे मोठे करते. तिला वाटतं, आजीच्या माहेरी सगळे शूरवीर होते. शूरवीर कसले, बटाट्याचं आणि भुईमुगाचं पीक होतं, डोंगर शेतापर्यंत आलेला होता आणि डोंगरात डुकरं होती, एवढीच गोष्ट. आजोबांच्या वेळची ठासणीची बंदूक माजघरात दोन खुंट्यांवर आडवी असायची. माझ्यापेक्षा उंच आणि आईच्या म्हणण्याप्रमाणे माझ्यापेक्षा शहाणी. ती भरायची म्हणजे एक सोहळाच असे. आबा, म्हणजे माझे वडील, अंगणात एक पाय पसरून बसायचे, नळीत दारू ओतायचे, वर चिंधी, मग छर्रे, मग पुन्हा चिंधी, आणि लोखंडी गजानं ठासायला लागायचे. ठक, ठक, ठक. तो आवाज आळीभर जायचा आणि शेजारची गंगूकाकी आपल्या कोंबड्या आत घ्यायची. ठासून झालं की आबा चापाला लाल चिंधी बांधायचे. लाल चिंधी आहे तोवर बंदुकीला कुणी हात लावायचा नाही. आई तर त्या भिंतीपासून पदर सावरून लांबून जायची, सोवळ्यातल्या बाईनं जावं तशी.

आणि एकदा चिंधी सोडली, बार काढला, की तीच बंदूक घरात कशालाही चालायची. दाराला आडणा म्हणून लावा, परसातली कोंबडी हाका, उंचावरचं कणसांचं गाठोडं खाली ओढा. आबा म्हणायचे, "झाडली की काठी." त्यांचे वडीलही म्हणायचे म्हणे. आमच्या घरातली ही म्हणच होती आणि ती खोटी असण्याचं काही कारण नव्हतं. जी बंदूक भरायला माणसाला घाम फुटतो, ती भरलेली आहे हे तो विसरणार कसा? आबांची तर उभं राहायची तऱ्हाच त्या काठीवर ठरलेली. बार काढून आले की अंगणात बंदुकीचा दस्ता धप्पदिशी जमिनीवर टेकवायचा, नळीच्या तोंडावर उजवा तळवा, त्यावर डावा, त्यावर हनुवटी. मग गावातली माणसं भोवती जमायची आणि आबा त्या तळव्यांवरूनच सगळी हकीकत सांगायचे, डुक्कर कुठून आलं, कसं फिरलं, कसं बसलं. आबा म्हटले की माझ्या डोळ्यांपुढं आजही तेच उभं राहतं. आमच्याकडे त्यांचा फोटो नाही, पण मला त्याची कधी गरज पडलेली नाही.

आमचं गाव चाकणच्या मावळतीला, डोंगराच्या कुशीत. भामटं डुक्कर रानात शिरलं की कुणीतरी येऊन ओट्यावर बसायचं आणि इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणायचं, आबा, तेवढं बघा की. ते 'तेवढं' म्हणजे सगळं वर्ष असायचं. एका फेरीत डुकरं बटाट्याचं वावर असं उकरून टाकायची की नांगरायला नको. आबा कुणाला नाही म्हणत नसत. डुक्कर पडलं की वाटे व्हायचे, मुंडी बंदूकवाल्याची. ते मटण आई घरातल्या चुलीवर शिजवू द्यायची नाही. परसात तीन दगड मांडायचे, वेगळं मडकं, वेगळी पळी. त्या धुराला एक गोडसर, उग्र वास असायचा. दादा आणि मी बाहेरच पत्रावळीवर बाजरीच्या भाकरीशी ते खायचो आणि आई उंबऱ्यावर बसून नाकाला पदर लावून आम्हाला वाढायची. राखेत भाजलेले बटाटे, तिखटमीठ लावून, हे तिचं जेवण. गावात आमच्याहून चांगली घरं पुष्कळ होती, पण 'बंदूकवाल्यांचं घर' एकच होतं. आबांना याचा अभिमान होता आणि तो त्यांनी लपवलाही नाही.

मग आबा माळ्यावरून पडले. रानात राखणीला चार मेढी रोवून त्यावर फळ्या टाकतात, त्याला आमच्याकडे माळा म्हणतात. त्याची एक मेढ वाळवीनं खाल्लेली होती. उजवा खांदा गेला. हाडवैद्यानं तो बसवला, पण कसा बसवला ते त्याला आणि देवाला ठाऊक. हात कानापर्यंत यायचा आणि तिथं थांबायचा. बंदूक उचलली की आबांचं तोंड पांढरं पडायचं. दोनदा त्यांनी तशीही झाडली, दोन्ही वेळा डुक्कर निघून गेलं आणि लोक काही बोलले नाहीत. लोक बोलले नाहीत हेच आबांना लागलं.

आता पाळी दादाची होती. सखाराम माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठा, सडपातळ, बोटं लांब, आवाज मऊ. त्याला यंत्राचं वेड. गावात कुणाच्या मोटेचं चाक कुरकुरलं की तो तिथं. त्याला ती बंदूक पेलायची, पण सोसायची नाही. पहिल्याच बाराला दस्त्यानं खांद्यावर असा दणका दिला की तो ढेकळात उताणा पडला. पोरं हसली, मोठी माणसंही हसली आणि "सख्याची बंदूक सख्यालाच मारती" हे गावात महिनाभर चाललं. दादानं मनावर घेतलं नाही, कारण त्याचं मन तिथं नव्हतंच. पिंपरीच्या माळावर तेव्हा कारखाने उठायला लागले होते. आमच्या गावचा एक जण तिथं लागला होता आणि त्यानं दादाचं नाव आत घातलं होतं. दसऱ्यानंतर येऊन दाखवून जा, असा निरोप आला होता. डॉक्टर तपासतो, हातपाय बघतो, आणि मग यंत्रावर घेतात. दादा मला सांगायचा की तिथली यंत्रं आपोआप फिरतात, माणसानं फक्त लक्ष ठेवायचं. हे सांगताना त्याचा आवाज देवळात बोलल्यासारखा व्हायचा.

आबांचं म्हणणं एकच. उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ चाकरी. हे ते भाकरी मोडता मोडता म्हणायचे, दादाकडे न बघता. पण खरं भय शेतीचं नव्हतं. दादा गेला की खुंटीवरची बंदूक खाली कोण काढणार, हे होतं. घरात दोन माणसं एकमेकांशी बोलेनाशी झाली. ताटं वाढली की एक जेवून उठल्यावर दुसरा बसायचा. शेवटी आईनंच तोड काढली. तळेगावच्या आत्याकडून कळलं होतं की ती जिथं दूध घालते त्या बंगल्यातले पारशी साहेब मुंबईला लेकाकडे कायमचे चालले आहेत आणि त्यांची एक हलकी शिकारी रायफल त्यांना चांगल्या घरी द्यायची आहे. आई म्हणाली, दोघं जाऊन बघा. सख्याला ती पेलली, आवडली, तर त्यानं गावात राहायचं. नाही आवडली तर पिंपरीला जायचं आणि पुन्हा कुणी त्यावर बोलायचं नाही. आबा कबूल झाले. दादाही झाला. मामलेदार कचेरीत परवान्याचं बोलणं आबांनी दुसऱ्याच दिवशी करून ठेवलं, म्हणजे त्यांच्या मनात निकाल लागलेला होता.

मला नवरात्राला आत्याकडे सोडायचं होतं, म्हणून मीही गाडीत. चाकणहून तळेगावची वाट तेव्हा धुळीची होती. आज त्या वाटेनं कंटेनर जातात आणि रस्ता ओलांडायला माणसाला कुणाचा तरी हात धरावा लागतो. तेव्हा दोन्ही बाजूंना बाजरी उभी होती, बैलांच्या गळ्यातले घुंगरू आणि आबांचं चकचक एवढाच आवाज. आईनं फडक्यात भाकरी, लसणाची चटणी आणि भुईमुगाच्या भाजलेल्या शेंगा बांधून दिल्या होत्या. इंद्रायणीच्या उतारावर आबा बैलांना पाणी पाजायला उतरले तेव्हा दादानं शेंगा सोलता सोलता मला हळूच सांगितलं, "आनशे, मी नेम चुकवनार हाय. मुद्दाम. कुनाला बोलू नगंस." मी म्हटलं, आबांना कळेल. तो म्हणाला, "कळू दे. आई म्हनली हाय, पुन्ना कुनी बोलायचं न्हाई." त्याला पिंपरी दिसत होती. मला मात्र दोघांचंही वाईट वाटत होतं आणि अशा वेळी माणूस जे करतो तेच मी केलं, शेंगा खात बसले.

साहेब म्हातारे होते, उंच, वाकलेले, अंगात पांढरा सदरा आणि डोक्याला काळी टोपी. बंगल्यात अर्धं सामान पेट्यांत गेलेलं होतं आणि गालिचे गुंडाळून भिंतीला लावलेले. त्यांनी रायफल स्वतः आणली, मऊ पिवळ्या फडक्यात गुंडाळून, तान्हं मूल आणावं तशी. मी पहिल्यांदा बघितली तेव्हा मला हसू आलं. एवढीशी. आमच्या बंदुकीच्या निम्मीही नव्हती. अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता, त्यावर हाताच्या घामानं आलेली झिलई, आणि बारीक निळसर नळी. गोळी तर करंगळीच्या पेराएवढी. आबांनी ती साहेबांच्या हातातून दोन्ही हातांनी घेतली आणि घेताच त्यांचे हात वर गेले, जड समजून उचललेली घागर रिकामी निघाली की जातात तसे.

"हलकी हाय," आबा म्हणाले. आता आमच्या बोलीत हलकं म्हणजे वजनाला कमी आणि हलकं म्हणजे कमअस्सलही. साहेबांना वाटलं नावं ठेवली. ते थोडे नाराज झाले आणि म्हणाले, माल हलका नाय, वजन हलका. आबा हसले. गेल्या कित्येक महिन्यांत मी त्यांना हसताना बघितलं नव्हतं.

मग आबा ती तपासायला बसले. आबा बैल घेताना जसा बघायचे तशीच त्यांनी ती बघितली, फक्त दात बघायचे तेवढे राहिले. आधी एका बोटावर तोलून धरली, कुठं झुकते ते पाहिलं. नळीच्या तोंडाशी नाक नेऊन वास घेतला. साहेबांनी खालची गोळ्यांची पेटी काढून नळी मोकळी करून दिली, तेव्हा मागच्या बाजूला अंगठ्याचं नख धरून, नखावर पडलेल्या उजेडात नळी आतून बघितली आणि मान डोलावली. दस्त्याला बोटाच्या पेरानं वाजवून बघितलं, कुठं भेग नाही ना. डोळे मिटून गाल दस्त्याला लावला आणि मग उघडले, नळीच्या टोकाचा मणी आपोआप डोळ्यासमोर येतो का ते बघायला. खांदा दुखत होता, पण एवढी हलकी बंदूक त्या मोडक्या खांद्यालाही झेपत होती. शेवटी चाप. चाप त्यांनी नखानं नुसता दाबला तर कट्दिशी सुटला. पुन्हा ओढून पुन्हा दाबला. आबांना तो चाप फार आवडला. आमच्या बंदुकीचा चाप ओढायला दोन बोटं लागायची आणि तेवढ्यात नेम हलायचा. साहेब म्हणाले, माझा बोट संधिवातानं दुखते म्हणून कानशीनं घासून हलका करून घेतला. आबा म्हणाले, लई बेस केलंत.

ती वेगळी कशी, हे साहेबांनी समजावून सांगितलं. एकदा चाप ओढला की एक गोळी सुटते, रिकामं टरफल आपणच बाहेर फेकलं जातं आणि पेटीतली पुढची गोळी आपणच नळीत येऊन बसते. चाप मात्र दर वेळी माणसानं ओढायचा. म्हणून ती निम्मी आपोआप. आबांना हा शब्द फारच गमतीचा वाटला. "म्हंजे निम्मं काम ती करनार आन् निम्मं आमी," ते म्हणाले. दादा पुढं सरकला. त्याला हे ऐकायचंच होतं. गोळी कशानं वर येते, स्प्रिंग कुठं आहे, टरफल फेकायला जोर कुठून मिळतो, त्यानं सगळं विचारलं आणि साहेबांनीही म्हातारपणीचा श्रोता मिळाल्यासारखं सगळं सांगितलं. चाप अडवून धरणारा खटका दाखवला, तो कुठं ओढायचा ते दाखवलं. आणि हेही सांगितलं की बघ हां, ही आपला पोट कधी रिकामी ठेवत नाय. आबांनी मान डोलावली, दादानंही डोलावली. समजलं नव्हतं असं नाही. डोक्याला समजलं होतं, हाताला समजलं नव्हतं. जे आपण ठासून भरलेलं नाही ते भरलेलं आहे, हे आमच्या घरातल्या हातांना कुठून कळणार?

झाडून बघायच्या आधी आबांनी ती माझ्या हातात दिली. घरातल्या सगळ्यात हलक्या माणसाला पेलली पाहिजे, असं ते म्हणाले. मी ती एका हातानं उचलली आणि आबा साहेबांकडे बघून म्हणाले, पोरगीबी उचलती. तो गार लोखंडाचा आणि तेलाचा वास माझ्या तळहाताला आत्याच्या घरी जेवताना देखील येत राहणार होता, पण तेव्हा मला ती फक्त सुंदर वाटली. मी खरंच सांगते, मलाही ती आपल्या घरी हवीशी वाटली.

बंगल्यामागं मुरमाचा उंच कडा होता. त्यापुढं बाभळीला साहेबांच्या गड्यानं एक टवके उडालेली चिनी मातीच्या मुलाम्याची ताटली टांगली. पेटीत गोळ्या भरून साहेबांनी रायफल दादाकडे दिली. मी दादाकडे बघत होते. त्यानं एकदा माझ्याकडे बघितलं, ओठाच्या कोपऱ्यातून हसला, म्हणजे आता बघ कसा चुकवतो. पहिली गोळी खरंच कुठंतरी मुरमात गेली. पण दणका बसला नाही. तो खांदा आवळून उभा होता आणि काहीच झालं नाही, फक्त एक कोरडा आवाज, आणि पितळेचं टरफल उन्हात चमकून त्याच्या पायाशी पडलं. दादा त्या टरफलाकडे बघत राहिला. मग त्यानं पुन्हा नेम धरला आणि ताटली टण्कन वाजली. पुन्हा टण्. ती गिरकी घेत होती आणि गिरकी घेत असतानाच तिसऱ्यांदा वाजली. त्याचा चेहरा बदलत गेलेला मी बघितला. तो पिंपरी विसरला होता. आपल्याला हसलेल्या लोकांना विसरला होता. त्याला एक यंत्र सापडलं होतं, त्याच्या हातातलं, त्याचं ऐकणारं.

तो आमच्याकडे आला तो हसतच. साहेब गड्याला चहाचं सांगायला बंगल्याकडे वळले होते. पायरीच्या घडीव दगडापाशी दादा थांबला आणि त्यानं रायफलीचा दस्ता त्या दगडावर धप्पदिशी टेकवला. नळी त्याच्या कमरेपर्यंतच येत होती, म्हणून तो जरा वाकला, आणि तिच्या तोंडावर उजवा तळवा ठेवला. त्यावर ठेवायला डावा उचलत होता. हुबेहूब आबा. जन्मात पहिल्यांदा तो बंदूक घेऊन आबांसारखा उभा राहिला होता. आबांनी ते बघितलं आणि मला कोपरानं ढोसून म्हणाले, "बघ, कसा हुबा ऱ्हायलाय."

आवाज मोठा नव्हता. कुणी टाळी वाजवावी एवढाच. दगडाला दस्ता आपटल्याच्या हिसक्यानं तो घासलेला चाप सुटला, असं नंतर फौजदारांनी सांगितलं. दादा ओरडला नाही. त्यानं हात वर करून आपल्याच तळव्याकडे बघितलं, आत काही लिहिलंय आणि ते वाचता येत नाही, तसं. मग रक्त कोपरापर्यंत आलं आणि तो पायरीवर बसला. साहेब धावत आले, आत्याला कुणी बोलावलं कळलं नाही, मी माझी ओढणी सोडून त्या हाताला गुंडाळली. आबा हलले नाहीत. ते पडलेल्या रायफलीकडे बघत होते. "झाडली व्हती की," ते म्हणाले. "आत्ता झाडली व्हती की रं." तळेगावच्या दवाखान्यात जाईपर्यंत ते गाडीत हेच म्हणत होते, बैलांना, मला, कुणालाही. दादाचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि तोच आबांना सांगत होता, व्हय आबा, झाडली व्हती.

हात राहिला. डॉक्टर चांगले होते, त्यांनी बोटं वाचवली, पण आतल्या शिरा तुटल्या होत्या त्या काही जुळल्या नाहीत. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट नीट, बाकीची तीन अर्धवट वाकून थांबायची. खंडेनवमीला दादा दवाखान्यात होता. घरी आईनं शस्त्रं मांडली, विळा, कोयता, कुऱ्हाड, आणि जुनी बंदूक काढायला गेली तर खुंटीवरच्या बंदुकीच्या चापाला लाल चिंधी बांधलेली. ती भरलेली नव्हती. आबांनीच बांधली होती आणि नंतर ती कधी सोडली नाही. साहेबांनी रायफल पोलिसांत जमा केली. जायच्या आधी ते दवाखान्यात येऊन दादाच्या उशाशी बराच वेळ बसले. त्यांच्यावर राग धरावा असं आमच्या घरात कुणाला सुचलं नाही.

दिवाळी होऊन गेल्यावर दादा पिंपरीला गेलाच. नको जाऊ असं आई म्हणाली, पण निरोप आहे, जाऊन येतो, म्हणाला. मी आणि तो तळेगावहून आगगाडीनं गेलो. कारखान्याच्या दारात माणसांची रांग होती, सगळ्यांच्या अंगात धुतलेले सदरे. मी बाहेर झाडाखाली बसले. बाहेर आला तो सरळ बाजाराच्या वाटेला लागला. पिंपरी कॅम्पातल्या एका सिंधी दुकानातून त्यानं आईला शेव घेतली आणि मला एक रिबीन. घरी जेवताना त्यानं सगळ्यांना हसत हसत सांगितलं. डॉक्टर म्हणाला, मूठ वळून दाखव. मी वळली तेवढी वळली, आणि उरलेली डाव्या हातानं मिटवून दाखवली. म्हटलं, साहेब, हा हात निम्मा आपोआप हाय, निम्मी ती वळती, निम्मी मी वळवतो. आईला हसवायला म्हणून त्यानं सांगितलं होतं. आई हसली नाही. आबा ताटावरून उठले, हात धुतले आणि गोठ्यात जाऊन बसले, ते संध्याकाळचा दिवा लावेपर्यंत आले नाहीत.

पुढं दादानं शेतीच केली. निम्म्या हातानं नांगर धरला, निम्म्या हातानं मोट. त्याचं लग्न झालं, पोरं झाली, पोरं कारखान्यात लागली, आता तर त्या रानात गोदाम आहे आणि डुकरं कुठं गेली कुणास ठाऊक. मी लग्न होऊन चिंचवडला आले, शिकले, शिक्षिका झाले. माहेरी गेले की एक गोष्ट मात्र दर खेपेला बघायला मिळायची. काम करता करता दमला की दादा जे हातात असेल त्यावर टेकायचा. फावडं, पहार, गुरांमागची काठी, एकदा तर छत्री. उजवा तळवा, त्यावर डावा. ती सवय गोळीनंही गेली नव्हती. आणि आबा कुठंही असोत, ओट्यावर असोत की मळ्याच्या दुसऱ्या टोकाला, तिथून म्हणायचे, "हात काढ." एवढंच. रागानं नाही. जसं कुणी म्हणावं, ऊन आहे, सावलीत ये. दादा हात काढायचा. बापलेकांत त्या विषयावर आयुष्यभर एवढंच बोलणं झालं. क्षमा मागणं, माफ करणं असलं काही आमच्याकडे बोलून होत नसे. मला मात्र त्या दोन शब्दांचा कधीकधी फार राग यायचा. वाटायचं, आता कशाला? आता काय काढायचं राहिलंय?

आबा गेले त्या दुपारी आम्ही सगळे जमलो होतो. दोन दिवस त्यांनी कुणाला ओळखलं नव्हतं. आई पायथ्याशी, मी उशाशी चमच्यानं पाणी घालत होते, ते ओठांच्या कडेनं ओघळून जात होतं. दादा वावरातून धावत आला होता, तसाच काठी घेऊन, आणि दाराच्या आत उभा राहिला. उभा राहून राहून थकला आणि काठीवर टेकला. उजवा तळवा, त्यावर डावा. आबांचे डोळे उघडले. त्यांनी मला बघितलं नाही, आईला बघितलं नाही.

"सखा," ते म्हणाले, "हात काढ."

दादा जवळ आला. खाटेपाशी बसला आणि ती काठी त्यानं आबांच्या हाताला लावली, त्यांना कळावं म्हणून. त्याच्या आवाजात पहिल्यांदा रडणं होतं. "आबा," तो म्हणाला, "काठी हाय ही. निस्ती काठी."

आबांनी तिच्यावरून बोटं फिरवली, टोकापर्यंत, तपासून बघावी तशी. मग म्हणाले, "तवाबी काठीच व्हती."